ऐकणं झालं, आता बोलूया: ग्रंथवाचन आणि धम्मचर्चेचं मंडळ कसं चालवावं

आषाढ पौर्णिमा आली की ठाणे-नवी मुंबईतल्या विहारांत संध्याकाळी सतरंज्या पडतात. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, समोर पांढऱ्या कापडावर उघडलेला बाबासाहेबांचा ग्रंथ 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात ते तीन महिने, थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत, एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. मग 'साधु, साधु, साधु' आणि सगळे घरी. कळव्याच्या विहारात आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी हे वाचन ऐकलं. रोहिणी नदी, कोलिय, यशोधरा ही नावं शाळेच्या पुस्तकाआधी माझ्या कानावर पडली ती तिथेच. त्यामुळे त्या वाचनाला मी कधीच कमी लेखणार नाही.

पण आपण दर पौर्णिमेला मंगलसुत्त, म्हणजे मंगल गोष्टी कोणत्या हे सांगणारा बुद्धांचा पाली उपदेश म्हणतो, ते एकदा सावकाश म्हणून बघा. त्यात ३८ मंगलं सांगितली आहेत. धम्म ऐकणं हे एक मंगल, 'कालेन धम्मसवणं'. आणि त्याच्या पुढच्याच गाथेत दुसरं, वेगळं मंगल, 'कालेन धम्मसाकच्छा'. साकच्छा म्हणजे एकमेकांशी बोलणं, विचारणं, पडताळणं. पहिलं मंगल आपल्याकडे जोरात चालतं. दुसरं मात्र आपण नुसतंच म्हणतो. ज्या गाथेत साकच्छा आहे, तिची सुरुवात 'खन्ती च सोवचस्सता' अशी आहे. खन्ती म्हणजे सोसण्याची ताकद, सोवचस्सता म्हणजे कुणी चूक दाखवली तर ती ऐकून घेण्याची तयारी. हे दोन गुण चर्चेच्या शेजारी का बसवले असतील, हे मंडळ चालवायला घेतल्यावर मला कळलं. ते नसतील तर चर्चेचं भांडण व्हायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

घणसोलीत गेली सहा वर्षं आम्ही दर रविवारी बसतो. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे. तुमच्या विहारात रोजचं वाचन चालू असेल तर ते तसंच चालू द्या. हे त्याच्या जोडीला करायचं काम आहे.

आधी माणसं

पाच माणसं मिळाली की सुरुवात करा. बारांच्या वर गेलात तर दोन गट करा. पंधरा माणसांत चार जण बोलतात आणि अकरा जण माना डोलावतात, म्हणजे पुन्हा प्रवचनच झालं. गटात वयं मिसळलेली हवीत. फक्त तरुणांचा गट लवकर वादात शिरतो, फक्त ज्येष्ठांचा गट लवकर सहमत होतो. ज्यांना वाचता येत नाही अशा किमान एक-दोन आजी किंवा काका गटात असावेत, असा माझा आग्रह आहे. याचं कारण पुढे येईल.

बोलावताना 'चर्चासत्र' हा शब्द टाळा. त्या शब्दाने बायका मागे सरतात, 'आम्हाला काय बोलता येतंय' म्हणतात. 'रविवारी वाचायला बसतोय, या' एवढं पुरतं.

विहारात बसायचं असेल तर आधी विहार समितीशी बोला. रोजच्या वाचनाची वेळ सोडून दुसरी वेळ मागा, आणि हे वर्षावासाला पर्याय म्हणून करत नाही आहोत हे स्पष्ट सांगा. समितीतल्या एखाद्या ज्येष्ठ बौद्धाचार्यांना, म्हणजे धम्माचे विधी करणाऱ्यांना, पहिल्या बैठकीला बोलवा. ज्या कामात त्यांना पहिल्या दिवसापासून घेतलं, त्याला ते सहसा आडकाठी करत नाहीत. विहार पत्र्याचा असेल तर पावसाळ्यात वाचलेलं ऐकू येत नाही. आम्ही पहिल्या वर्षीचा जुलै महिना असाच घालवला, वाचणारा ओरडून वाचत होता आणि मागच्या ओळीला नुसता पाऊस ऐकू येत होता. त्यानंतर गोल करून बसू लागलो, गुडघ्याला गुडघा लागेल एवढं जवळ.

घरी बसणार असाल तर एक नियम पहिल्याच दिवशी ठरवा, पाणी आणि चहा, याहून जास्त काही नाही. आमच्याकडे सुरुवातीला पोहे झाले, मग इडल्या झाल्या, आणि ज्या ताईंच्या घरी बैठक, त्या पूर्ण वेळ ओट्यापाशी. एकदा बुद्धांच्या मावशी प्रजापती गोतमीच्या प्रव्रज्येचं, म्हणजे घर सोडून भिक्खुणी होण्याचं, प्रकरण चालू होतं, स्त्रियांना संघात जागा मिळण्याविषयी बोलणं चाललं होतं आणि घरातली दोन्ही बायामाणसं आत कांदा चिरत होती. त्या दिवसापासून पोहे बंद.

वेळ ठरवताना पाळ्या बघा. रबाळे, महापे, तुर्भ्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांची पाळी आठवड्याला बदलते. ठाण्याहून, दिघ्याहून येणारे ट्रान्स-हार्बरने येतात आणि रविवारी दुपारी मेगाब्लॉक असू शकतो. आम्हाला रविवारची संध्याकाळ, सहा ते साडेसात, सोयीची पडली. वेळेवर सुरू करा आणि वेळेवर संपवा. चर्चा रंगात आली तरी साडेसातला समारोपाची धम्मपालन गाथा. लोक पुढच्या रविवारी परत येतात ते या भरवशावर.

कोणतं पुस्तक, आणि कुठून सुरुवात

पहिलं पुस्तक 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हेच घ्या. श्रद्धेचं कारण आहेच, पण एक व्यवहाराचंही आहे. ग्रंथ आठ खंडांत आहे, खंडाचे भाग, भागाची छोटी प्रकरणं, आणि प्रकरणातल्या परिच्छेदांना क्रमांक. आवृत्त्या वेगळ्या असल्या तर पानं जुळत नाहीत, पण खंड, भाग, प्रकरण आणि क्रमांक सांगितला की सगळे एकाच ओळीवर येतात. एखाद्याकडे इंग्रजी प्रत असली तरी अडत नाही. इंग्रजीची सरकारी प्रत बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या मालिकेत ११ व्या खंडात आहे. 'हे मूळ कुठल्या सुत्तात आहे?' हा प्रश्न हमखास येतो, त्यासाठी भदंत आनंद कौसल्यायन यांचा हिंदी अनुवाद जवळ ठेवा. त्यांनी पाली संदर्भ शोधून जोडले आहेत.

बाबासाहेबांनी हा ग्रंथ का लिहिला हे पहिल्याच बैठकीत सांगा. धम्माचं वाङ्मय एवढं अफाट आहे की सामान्य माणसाच्या हातात देता येईल असा एकच ग्रंथ नाही, ही उणीव त्यांनी कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या मासिकातल्या लेखात मांडली होती. ती त्यांनीच भरून काढली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झालं, आणि ग्रंथ छापून बाहेर आला १९५७ साली. छापील प्रत त्यांनी हातात घेतली नाही. हे सांगितलं की खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. बोलायची घाई करू नका.

मग परिचय उघडा. तिथे बाबासाहेबांनी चार प्रश्न ठेवले आहेत. सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली, म्हणजे घर का सोडलं; म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घेतली, हे २९ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत पटतं का? चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत का? आत्मा नाही म्हटल्यावर कर्म आणि पुनर्जन्माचं काय? आणि भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धांचा हेतू काय होता, परिपूर्ण माणूस घडवणं की समाजाचा सेवक? वाचकांनी पुढे येऊन या प्रश्नांच्या उत्तरांत भर घालावी, अशी इच्छाही त्यांनी तिथेच व्यक्त केली आहे. ग्रंथाच्या दारातच लेखक आपल्याला चर्चेला बसवतो. 'बाबासाहेबांच्या ग्रंथावर आपण काय प्रश्न विचारणार?' असं कुणी म्हणालं तर हा परिचय पुढे करा. आमच्याकडे या एका गोष्टीने पुष्कळ तोंडं उघडली.

दुसऱ्या वर्षी धम्मपद घेता येतं. २६ वग्ग म्हणजे प्रकरणं, ४२३ गाथा, आठवड्याला एक वग्ग. किंवा धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध'. गृहत्यागाच्या कारणासाठी कोसंबी सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडे जातात, जिथे कमी पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी माणसं एकमेकांच्या विरोधात उभी ठाकलेली पाहून भय वाटलं, असं येतं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या तंट्याचं बाबासाहेबांचं प्रकरण वाचून झाल्यावर हे वाचलं की पाण्याची ती गोष्ट मनात वेगळीच उलगडते.

प्रती कुठून आणायच्या? ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथून गटासाठी एकत्र घ्या, स्वस्त पडतात. संदर्भाला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. ऐरोलीत सेक्टर १५ मधल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातही ग्रंथालय आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. आपल्या घरांत हा ग्रंथ कापडात गुंडाळून वर ठेवलेला असतो, त्यावर रेघ ओढायला हात धजत नाही. त्या भावनेला धक्का लावू नका. पूजेची प्रत पूजेला राहू द्या आणि अभ्यासाची प्रत वेगळी घ्या. अभ्यासाच्या प्रतीवर पेन्सिलीने खुणा करायच्या, समासात प्रश्नचिन्ह काढायचं, पान दुमडायचं. माझ्या आईने पहिली रेघ ओढायला दोन महिने घेतले. आता तिची प्रत बघण्यासारखी आहे.

दीड तास कसा घालवायचा

सुरुवात त्रिसरण-पंचशीलाने. पूर्ण बुद्धपूजा रोजच्या वंदनेत होतेच, इथे दहा मिनिटांच्या आत आटपा. मग पाच मिनिटं मागच्या रविवारचं. मागे काय वाचलं हे ज्यांनी वाचलं त्यांना विचारू नका, ज्यांनी फक्त ऐकलं त्यांना विचारा. न वाचणारी माणसं गोष्ट पूर्ण लक्षात ठेवतात. पुस्तक हातात असलेले आपण मात्र लगेच पान शोधू लागतो.

मग वाचन. एका बैठकीला एक प्रकरण, फार तर दोन. प्रत्येकाने चार-पाच परिच्छेद वाचायचे आणि पुस्तक डावीकडे द्यायचं. कुणी अडखळलं तर थांबायचं, पुढचा शब्द पुरवायचा नाही. हे मी ठासून सांगते आहे, कारण आमचा पहिला गट यावरूनच मोडला. सातवीपर्यंत शिकलेल्या एक मावशी 'प्रतीत्यसमुत्पाद' या शब्दावर अडल्या, मी घाईने शब्द पूर्ण केला, वर त्यांचा उच्चार दुरुस्त केला. त्या पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या चाळीतल्या तिघी थांबल्या. तीन आठवड्यांत गट संपला. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, ''बाय, शब्द मला येत व्हता. दम घेत व्हते.'' तेव्हापासून अडलेल्याला दम घेऊ देणं हा आमच्या गटाचा पहिला नियम आहे.

प्रकरण संपलं की तेच पुन्हा वाचायचं, या वेळी एकाच स्पष्ट आवाजात. दुसऱ्या वाचनाला बाकीच्यांनी पुस्तकं मिटायची. पहिल्या वेळी डोळे पुढे पळत असतात, दुसऱ्या वेळी कान जागे होतात.

मग पाच मिनिटं गप्प. डोळे मिटून बसा किंवा उघडे ठेवा, पण बोलायचं नाही. सुरुवातीला ही पाच मिनिटं लोकांना जड जातात, कुणी खाकरतं, कुणी मोबाइल बघतं. महिनाभराने हीच पाच मिनिटं लोक मागून घेतात. दीघ निकायात, म्हणजे बुद्धांच्या लांब सुत्तांच्या संग्रहात, पञ्ञेचे म्हणजे प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत, ऐकून आलेली, विचार करून आलेली आणि भावनेने म्हणजे सरावाने आलेली. वाचन संपताच तोंड उघडलं तर आपण ऐकलेलंच परत फेकतो, मधली पायरी राहून जाते.

यानंतर साधारण चाळीस मिनिटं चर्चा. पहिली फेरी गोलाने घ्या. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, कोणत्या ओळीवर मी थांबलो. का थांबलो हे नाही सांगितलं तरी चालेल. 'नाही थांबलो' असंही चालेल. या फेरीत कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. फेरी पूर्ण झाली की ज्या ओळीवर जास्त माणसं थांबली, तिथून बोलणं सुरू करा.

शेवटी पाच-सात मिनिटं, आठवडाभरासाठी एक गोष्ट ठरवायची. त्याबद्दल पुढे लिहिते.

'अनुमोदन देणारा कोण होता?'

एका रविवारचं सविस्तर सांगते, म्हणजे चर्चा कशी वळते ते कळेल. प्रकरण होतं पहिल्या खंडाच्या पहिल्या भागातलं चौदावं. सिद्धार्थ आठ वर्षं शाक्य संघाचा, म्हणजे शाक्यांच्या सभेचा, सभासद आहे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि शेजारच्या कोलियांच्या माणसांत मारामारी झाली आहे, दोन्हीकडचे जखमी झाले आहेत. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उठून विरोध करतो. दोन माणसं आपली, दोन त्यांची, चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, असं सुचवतो. त्याच्या सूचनेला अनुमोदन मिळतं, मग सेनापती बोलतो, मतं घेतली जातात आणि सूचना प्रचंड बहुमताने पडते.

फेरीत बहुतेक जण अपेक्षेप्रमाणे थांबले, युद्धाने प्रश्न सुटत नाही या म्हणण्यावर, किंवा पुढे येणाऱ्या बहिष्काराच्या आणि जमिनी जप्त करण्याच्या धमकीवर. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्या लोकांना समजवावं लागत नाही. मग पाळी आली कोपऱ्यातल्या आजींची. वय ७८, अक्षरओळख नाही. त्या म्हणाल्या, ''अनुमोदन देणारा कोण होता? त्याचं नाव वाचलं का तुम्ही? मला ऐकू नाही आलं.''

आम्ही पुस्तकं उघडली. नाव नव्हतंच. सूचनेला अनुमोदन मिळालं, एवढंच वाक्य. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी ते वाक्य ओलांडून टाकलं होतं. मी हे प्रकरण तोपर्यंत निदान वीस वेळा वाचलेलं होतं.

पुढची चाळीस मिनिटं त्या बिननावाच्या माणसावर गेली. आजींनी दिघ्याच्या वस्तीतली जुनी गोष्ट सांगितली. एका नळावर चाळीस घरं, पहाटे चारला हंड्यांची रांग, दोन गल्ल्यांची भांडणं. एक बाई म्हणाली होती, दोन्ही गल्ल्यांनी एकेक दिवस वाटून घेऊ. सगळ्या तिच्या अंगावर धावल्या. ''मला पटलं होतं,'' आजी म्हणाल्या, ''पण मी बोलले नाही. माझा हंडा दुसरा होता रांगेत.'' सोसायटीच्या कमिटीवर असलेले एक काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आमच्या मीटिंगला भाडेकरूंना पार्किंग द्यायचं नाही असा ठराव आला, एका माणसाने विरोध केला, मला त्याचं पटत होतं आणि मी हात वर केला नाही.

कुणी कुणाला उपदेश केला नाही. सिद्धार्थ होणं आपल्यापैकी कुणाच्या आवाक्यात आहे की नाही माहीत नाही, पण अनुमोदन देणारा होणं आवाक्यात आहे, इथपर्यंत बोलणं आपसूक आलं. गटात न वाचणारी माणसं हवीत असं मी वर म्हटलं, ते या रविवारमुळे.

प्रश्न काढायची सवय

चर्चा चालवणाऱ्याने घरून तीन प्रश्न लिहून आणावेत, पण बोलणं आपलं आपण चालू असेल तर ते खिशातच ठेवावेत. 'या प्रकरणातून आपण काय शिकलो?' हा प्रश्न विचारू नका. त्याला शाळेतली उत्तरं येतात. मजकुराला चिकटलेले प्रश्न विचारा. इथे कोण बोलतं आणि कोण गप्प आहे? हे वाक्य काढलं तर काय बिघडेल? सिद्धार्थाच्या वडिलांच्या, शुद्धोदनाच्या जागी तुम्ही असता तर पोराला काय म्हणाला असता? एक प्रश्न नेहमी उपयोगी पडतो, 'हे मला पटत नाही, असं कुणाला वाटलं का?' तो सौम्यपणे विचारा आणि उत्तराची वाट बघा. पहिले चार-पाच रविवार कुणी हात वर करणार नाही.

इथे कालाम सुत्ताचं नाव घेतलं जाईल. परंपरेने सांगितलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मान्य करू नका, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या सुत्ताचा पुढचा भागही वाचून दाखवा. एखादी गोष्ट अकुशल आहे, दुःखाकडे नेते, सुज्ञ माणसं तिची निंदा करतात, हे स्वतः जाणलं की ती सोडा, आणि कुशल आहे असं जाणलं की ती आचरा, असं तिथे आहे. म्हणजे नुसतं 'मला पटत नाही' म्हणून सुटका नाही, तपासायची जबाबदारीही येते.

जिथे गाडी अडते

एकटाच बोलणारा माणूस प्रत्येक गटात असतो आणि बहुधा तोच सगळ्यात जास्त वाचलेला असतो. त्याला गप्प करू नका, काम द्या. पाली शब्दांचे अर्थ काढून आणणं, नकाशा काढणं, कपिलवस्तू-श्रावस्ती-राजगृह दाखवणं. मग त्याचं ज्ञान गटाच्या कामी येतं आणि भाषणाची भूकही थोडी भागते. तरीही थांबला नाही तर गटातल्या सगळ्यात वयस्क बाईंनी 'दादा, आता हिला बोलू द्या' म्हणायचं. हे आधी त्यांच्याशी ठरवून ठेवा.

भन्ते, म्हणजे भिक्खू, आले तर आनंदच. पण त्यांना आधी विनंती करा की चर्चा ऐकावी आणि शेवटची पंधरा मिनिटं बोलावं. भन्ते आधी बोलले तर आदरापोटी कुणी तोंड उघडत नाही.

विपश्यनेला जाणारे आणि 'ध्यान कशाला, प्रबोधन करा' म्हणणारे, दोन्ही एका खोलीत असतात. पुनर्जन्माच्या प्रकरणाला, चौथ्या खंडात, ठिणगी पडतेच. तिथे माझा उपाय एकच, मजकुराला धरून राहा. 'बाबासाहेबांनी या प्रकरणात नेमकं काय लिहिलंय, कितव्या क्रमांकाला, वाचून दाखवा.' निम्मे वाद तिथेच संपतात, कारण दोघेही ऐकीव गोष्टींवर बोलत असतात. उरलेला निम्मा वाद वहीत लिहून ठेवा आणि पुढे चला. आमच्या वहीत असे अकरा प्रश्न उघडे आहेत, त्यातला एक पाच वर्षांपासून. त्याने गटाचं काही बिघडलेलं नाही.

पक्ष, गट-तट, निवडणूक, इकडे बोलणं घसरतं. पूर्ण बंदी घालू नका, समाजाचं सुखदुःख बाहेर ठेवून धम्म वाचता येत नाही. फक्त व्यक्तीचं नाव घ्यायचं नाही. नाव गाळलं की बोलणं मुद्द्यावर राहतं.

बोलण्यासाठी पाच कसोट्या अंगुत्तर निकायात आहेत, वेळेवर बोललेलं, खरं, मृदू, हिताचं आणि मैत्रीच्या मनाने बोललेलं. आम्ही त्या पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावल्या आहेत. आवाज चढला की कुणीतरी पुठ्ठ्याकडे नुसतं बोट करतं.

आणि गटात सांगितलेली घरची गोष्ट गटाबाहेर जाता कामा नये. व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर तो वेळ, जागा आणि प्रकरण कळवण्यापुरता ठेवा. एकदा कुणाचं तरी दुखणं तिथे लिहिलं गेलं, ते माणूस आजतागायत परतलं नाही.

रविवार ते रविवार

वाचलेलं अंगी लागायचं असेल तर आठवड्याला एक छोटी गोष्ट करून बघायची. 'क्रोध करणार नाही' असलं मोठं काही ठरवू नका, ते मंगळवारपर्यंत मोडतं. मोजता येईल असं ठरवा.

गृहस्थाने सहा दिशांच्या माणसांशी कसं वागावं हे सांगणाऱ्या सिगालोवाद सुत्ताला आम्ही सहा रविवार दिले, एका दिशेला एक. आई-वडील पूर्व, आचार्य दक्षिण, पत्नी आणि मुलं पश्चिम, मित्र उत्तर, श्रमण-ब्राह्मण वरची दिशा आणि आपल्यासाठी राबणारी माणसं खालची दिशा. खालच्या दिशेसाठी मालकाने पाच गोष्टी करायच्या, ताकद बघून काम द्यायचं, अन्न आणि वेतन द्यायचं, आजारपणात काळजी घ्यायची, गोडधोड वाटून खायचं आणि वेळेवर सुट्टी द्यायची. आमच्या गटात ऐरोलीच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक ताई आहेत, आणि घरी कामाला बाई ठेवणाऱ्या तिघी आहेत. सुत्त वाचून झाल्यावर त्या ताई म्हणाल्या, ''चार गोष्टी कुणी ना कुणी करतं. आजारी पडल्यावर पगार न कापणारी एकच बाई भेटली मला, बावीस वर्षांत.'' त्या आठवड्याला काय ठरवायचं, हे खोलीत बसलेल्या तिघींना कुणी सांगावं लागलं नाही. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या आणि आजारपणाची वेगळी. त्यातल्या एकीने घरी नवऱ्याशी वाद घालून ते केलं, पुढच्या रविवारी तो वादही चर्चेत आला.

ठरवलेलं जमलं नाही तर 'जमलं नाही' एवढंच सांगायचं. कारणं मागायची नाहीत. बाकी जमाखर्चाचं फार करू नका. एक वही, तारीख, प्रकरण, हजर माणसं, उघडे प्रश्न. वर्गणी नको, पुस्तकांसाठी दानपेटी ठेवा.

वर्षातून एकदा कान्हेरी

पाऊस ओसरला की एक बैठक कान्हेरीला घ्या. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने बोरिवली, तिथून राष्ट्रीय उद्यान. सोमवारी उद्यान बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा. शंभरावर लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. तिसऱ्या लेण्यात चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, आहे, तिथे वंदना घ्या आणि ११ व्या लेण्यात जा, ज्याला दरबार म्हणतात. आत जमिनीलगत कोरलेले दोन लांबच लांब दगडी बाक आहेत, समोरासमोर. त्यांच्या कडेला बसून एक प्रकरण वाचा, मोठ्या आवाजाची गरज पडत नाही. शिलालेखांत कल्याणच्या दानकर्त्यांची नावं आहेत, व्यापार करणारी, संसारी माणसं. ती वाचून दाखवली की मुलं कान देऊन ऐकतात, कारण कल्याण त्यांना लोकलच्या पाटीवर रोज दिसतं.

पहिल्या रविवारी

पाच माणसांना निरोप द्या. पहिल्या दिवशी परिचयातले चार प्रश्न वाचा आणि त्यातला पहिलाच बोलायला घ्या, तो कुणालाही बोलता येतो. दुसऱ्या रविवारपासून पहिल्या खंडाचा पहिला भाग. त्यात २१ छोटी प्रकरणं आहेत, सिद्धार्थाच्या कुळापासून तो घर सोडून गेल्यावर घरच्यांनी केलेल्या शोकापर्यंत. आठवड्याला एक-दोन केलीत तर आषाढात सुरू केलेला भाग आश्विन पौर्णिमेच्या सुमारास हातावेगळा होतो. चौदाव्या प्रकरणाला पोहोचलात की अनुमोदनाचं वाक्य सावकाश वाचा. सतरंजी झटकून ठेवा, चार पेन्सिली तासून ठेवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना आणायला स्वतः जा.